दोन मतांची निवडणूक

सालिबुंग बेटं सात आहेत असं म्हणतात. सहा म्हणणारेही आहेत, कारण सातवं, गुसुंग तोआ, भरतीच्या वेळी असं अंग चोरून बसतं की लांबून जाणाऱ्या खलाशाला नुसती माडांची रांग पाण्यात उभी दिसते. गुसुंग तोआ म्हणजे म्हातारा वाळूचा ढिगारा. नाव ठेवणाऱ्यानं काही लपवून ठेवलं नाही.

सरकारच्या लेखी मात्र हा ढिगारा म्हणजे सालिबुंग गावाची पाचवी एर्ते. एर्ते ही आमच्याकडे राज्यकारभाराची शेवटची पायरी. वर प्रांत, मग जिल्हा, तालुका, गाव आणि सगळ्यांच्या पायाशी दहा-वीस घरांची एर्ते. तिच्या प्रमुखालाही एर्तेच म्हणतात. मूल जन्मलं, कुणी गेलं, पाहुणा आला, कुणी बेट सोडलं, की आधी एर्तेचा शिक्का लागतो, मग बाकीचं जग हलतं. गुसुंग तोआचे एर्ते होते डाएंग रुरुंग; डाएंग हे आमच्याकडचं मानाचं संबोधन. त्यांच्या अमलाखाली एकच माणूस होतं. त्यांची बायको, डाएंग तेने.

एका घराची एर्ते नियमात बसत नाही. पण ती मोडायची तर तालुक्यापर्यंत कागद न्यावे लागतात, आणि तालुका मोठ्या जमिनीवर, होडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तेव्हा कुणी ते मनावर घेतलं नाही. थोरल्या बेटावर, सालिबुंग लोंपोवर, लोकांना चेष्टेला विषय मात्र मिळाला. रुरुंग मासळी घेऊन धक्क्याला लागले की कुणीतरी म्हणायचंच, "आज पाचव्या एर्तेची निम्मी जनता बाजाराला आलीय, वाट सोडा." रुरुंग हसायचे आणि मासळीचा भाव तसूभरही उतरवायचे नाहीत.

काम मात्र ते मनापासून करायचे. सकाळची नमाज झाली की काळी टोपी घालून घरासमोरच्या बांबूच्या बाजेवर बसायचे. शेजारी शिक्क्याची डबी. समोरच्या माडावर पाटी ठोकलेली: पाहुण्यांनी एका दिवसाच्या आत एर्तेंना कळवावे. पाहुणे कुठले येणार? कधी वाट चुकलेला कोळी, कधी बगळा. पण एकदा तेने थोरल्या बेटावर लेकीकडे, रोस्मिनीकडे, आठवडाभर राहून परतल्या, तेव्हा डोक्यावर बोचकं तसंच ठेवून पाटीखाली उभ्या राहिल्या.

"एर्तेसाहेब, नोंद करून घ्या. एक बाई आलीय."

"कुठून आलात?"

"लेकीकडून."

"मुक्काम किती दिवस?"

"ते इथल्या माणसाच्या वागण्यावर आहे."

रुरुंगना हसू आवरेना. तेव्हापासून दोघांना हा खेळच लागला. नवऱ्याला जे तोंडावर म्हणता येत नाही, ते एर्तेला म्हणता येतं हे तेनेंच्या ध्यानात आलं. "एर्तेसाहेब, तक्रार आहे. वाडीतला एक इसम झोपेत होडीच्या इंजिनासारखा घोरतो." असं त्या म्हणाल्या की रुरुंग गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "चौकशी करतो. साक्षीदार आहे का?" उलट त्यांच्याकडूनही फर्मान निघायचं, "जनतेला कळवण्यात येतं की कालच्या कालवणात मीठ नव्हतं." संसारात भांडणं होतच होती, पण ती अशी सरकारमार्फत होत असल्यामुळे भांडी फुटत नव्हती.

एके काळी गुसुंग तोआवर अकरा घरं होती. शाळा थोरल्या बेटावर, बर्फ तिथे, वीज तिथे, दवाखाना तिथे. मग माणसं इथे कशाला राहतील? एकेक जण टोपी हातात धरून यायचा, मान खाली घालून म्हणायचा, "डाएंग, दाखला हवा होता." बेट सोडल्याचा दाखला. रुरुंगनी कुणाला अडवलं नाही. शिक्का मारून द्यायचे, होडीत सामान चढवू लागायचे. जाणारा पाण्यात पाय घालता घालता एकच सांगायचा, "आमच्या माणसांच्या कबरींवर लक्ष ठेवा." आणि रुरुंग म्हणायचे, "ठेवतो."

दहा दाखले, दहा वेळा "ठेवतो". दर गुरुवारी दुपारी ते खराटा घेऊन बेटाच्या मागच्या अंगाला, केवड्याच्या बनात जायचे आणि सगळ्या कबरी झाडून काढायचे. स्वतःच्या आईबापांच्या त्यात होत्याच, पण त्यांच्यावरून कधी जास्त हात फिरवला नाही. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला एर्तेपण सुटत नाही. खरं तर त्यांना तो "ठेवतो" सुटत नव्हता.

मग गेल्या वर्षी पश्चिमेचा वारा सुटला आणि रुरुंगना ताप भरला. त्या दिवसांत आमच्याकडे समुद्र कुणाचं ऐकत नाही. होडी पाण्यात घालणारा वेडा. ताप चार दिवस राहिला आणि उतरला. रुरुंग उठले, पेज प्यायले, टोपी घालून बाजेवर बसले. म्हणाले, "बघ, झालो की बरा." तेनेंनी पेजेचं भांडं उचलून नेलं. रुरुंगच्या लेखी विषय संपला.

यंदा पूर्वेचा वारा पडला, समुद्र आरशासारखा झाला, म्हणजे पश्चिमेचा वारा फिरून यायला थोडेच दिवस उरले, तेव्हा एका सकाळी तेने बाजेपुढे येऊन उभ्या राहिल्या. ठेवणीतली ओढणी डोक्यावर.

"एर्तेसाहेब, काम होतं."

"कोण घोरतंय?"

"दाखला हवाय. बेट सोडल्याचा."

रुरुंगना वाटलं थट्टा आहे. त्यांनी डबी उघडून दाखवली. "शाई वाळलीय. पुढच्या आठवड्यात या."

तेने आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. सकाळी साफ केलेल्या माकुलाची काळी शाई. "ही घ्या. ताजी आहे."

"माकुलाच्या शाईचा शिक्का तालुक्यात चालत नाही."

"तालुक्यातल्यांनी माकूल खाल्लं नाही का कधी?"

रुरुंगनी वाटीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि थट्टा नाही हे त्यांना कळलं. त्यांनी डबी बंद केली. "तेने, हा शेवटचा दाखला आहे. तू गेलीस की मी गेलो. मग हे बेट ओसाड म्हणून लिहितील. इथे काहीही करायला, कबरीसुद्धा हलवायला, कुणाला विचारायचं कारण उरणार नाही. दहा घरांना मी शब्द दिलाय."

"मग एर्तेसाहेब नाही म्हणतात?"

"नाही म्हणतात."

"बरं," तेने म्हणाल्या, आणि वाटी उचलून घेऊन गेल्या. दुपारी त्याच शाईत माकूल शिजवलं. रुरुंगना घास गोड लागला नाही.

त्याच आठवड्यात गावचा सचिव हमसाह निवडणुकीची वर्दी घेऊन आला. हमसाह रोस्मिनीच्या वर्गातला, लहानपणी याच वाळूत खेळलेला. बाकीच्या एर्तेंमध्ये चार माणसं बसतात, चहा पितात, अमुक होऊ दे म्हणतात आणि निवडणूक संपते. गुसुंग तोआत मात्र अकरा घरांच्या काळातली रीत चालू होती. पेटी, कागदावर उमेदवाराचा फोटो, आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या फोटोला खिळ्यानं भोक पाडायचं. गेल्या किती तरी खेपांना दोन मतं पडत होती आणि दोन्ही रुरुंगना. हमसाह म्हणायचा, अख्ख्या देशात असा लोकप्रिय नेता नाही.

"मग काका, नेहमीप्रमाणे एकच नाव?"

"एकच," रुरुंग म्हणाले.

"दोन," आतून आवाज आला. तेने हात पुसत बाहेर आल्या. "माझं लिही. मी उभी राहते."

हमसाहनं आधी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि मान खाली घालून लिहून घेतलं. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये हे सचिवालाही कळतं.

तो गेल्यावर रुरुंग म्हणाले, "माझ्याविरुद्ध?"

"तुम्ही दाखला देत नाही. मी एर्ते झाले की माझा मी देईन."

"स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही. नियम आहे."

"तुमचा तर देता येईल ना?"

ही बातमी हमसाहची होडी धक्क्याला लागायच्या आधीच थोरल्या बेटावर पोचली म्हणा. धक्क्यावर रुरुंगना विचारू लागले, प्रचार कसा चाललाय? रुरुंग ओशाळं हसायचे. खरं म्हणजे प्रचार चालला होता. दोन वर्षं गळणारं स्वयंपाकघराचं छप्पर त्यांनी एका दिवसात शाकारलं. तेनेंनी खालून पाहिलं आणि म्हणाल्या, "निवडणूक आली की सरकारला जाग येते." पण रात्रीच्या ताटात चिंच-हळदीच्या कालवणातलं मोठ्या माशाचं डोकं रुरुंगच्याच पुढे आलं. रुरुंग म्हणाले, "ही मतदाराला लाच आहे." "लाच नाही, सवय आहे," तेने म्हणाल्या. दोघं हसली. हसून झाल्यावर मात्र दोघं आपापल्या ताटाकडे बघत जेवली.

मतदानाचा आदला दिवस गुरुवार होता, संध्याकाळची वेळ. रुरुंग कबरी झाडून परतले तर तेने पाटीच्या माडाला टेकून पश्चिमेकडे बघत बसलेल्या. ते शेजारी बसले. टोपी त्यांनी मुद्दाम डोक्यावरच ठेवली.

"दाखल्याच्या कागदावर कारणाचा रकाना असतो," ते म्हणाले. "तू कारण सांगितलं नाहीस."

"एर्ते विचारतायत?"

"एर्ते विचारतायत."

तेने वाळूत बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा. गेल्या पश्चिमेच्या वाऱ्यात वाडीतल्या एका इसमाला ताप आला. चार दिवस. तिसऱ्या दिवशी तो माणसं ओळखेना. म्हणजे मला ओळखेना, दुसरं कोण होतं? मी किनाऱ्यावर जाऊन ओरडले. ओढणी काठीला बांधून हलवली. वाऱ्यानं ओढणी नेली."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"नवऱ्याला सांगितलं नाही. एर्तेंना सांगतेय. मग मी परत आले आणि मला वाटलं, आता हे जातात. आणि रडायचं सोडून मी मेली हिशेब करत बसले. अंघोळ कोण घालणार? नमाज कोण पढवणार? खड्डा मी खणीन, वाळूच आहे. पण उचलणार कोण? माणसाला जाताना चार खांदे लागतात. मी खांदे मोजले. दोनच होते. दोन्ही माझे."

रुरुंगनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दहा घरांच्या कबरी तुम्ही झाडता," तेने म्हणाल्या. "झाडा, मी कधी नाही म्हटलं? पण तुमची मी एकटीनं नाही भरू शकत. एवढंच कारण आहे. रकान्यात मावतं का बघा."

 पन्नास वर्षं रुरुंग या बाईला हसवत आले होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला. खरखरीत, वाळू लागलेला हात. 

दुसऱ्या दिवशी हमसाह पेटी घेऊन आला. संगे रोस्मिनी, आणि गंमत बघायला होडीभर माणसं. मतदारांपेक्षा प्रेक्षक जास्त. दोन माडांच्या मध्ये एक सारोंग, म्हणजे लुंगी, टांगून आडोसा केला, आत फळी, फळीवर दोरीनं बांधलेला खिळा.

आधी तेने गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. कुणीतरी म्हणालं, "काकू, दोनच फोटो होते ना?" तेनेंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग रुरुंग गेले. कागदावर डावीकडे ते स्वतः, टोपी जरा तिरकी. उजवीकडे तेने, ओळखपत्रावरचा फोटो, फोटोवाल्यानं हसू नका म्हटल्यामुळे ओठ घट्ट मिटलेले. इतकी वर्षं ते खिळा डावीकडे टोचत आले होते आणि कधी क्षणभर थांबले नव्हते. आज त्यांना केवड्याचं बन आठवलं, दहा वेळचा "ठेवतो" आठवला. मग वाऱ्यावर गेलेली ओढणी दिसली, जी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी उजवीकडे खिळा टोचला, हलकेच, तेनेंच्या चेहऱ्याला लागणार नाही असा, ओढणीच्या कडेला.

बाहेर येताना त्यांना वाटलं, संपलं. आता दोन्ही मतं तिचीच. दुःख झालं, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं.

हमसाहनं पेटी उघडली. पहिला कागद उंच धरून त्यातल्या भोकातून आभाळ बघितलं. "डाएंग तेने, एक."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं दुसरा कागद उघडला.

"डाएंग रुरुंग, एक."

एकदम हशा पिकला. "बरोबरी! नवरा-बायको, आणि दोघांनी स्वतःलाच मत दिलं!" "इतक्या वर्षांचा संसार, पण खुर्चीपुढे कोण कुणाचं?" रोस्मिनीही हसत हसत डोळे पुसत होती.

रुरुंग हसत नव्हते. आपलं मत कुणाला गेलं हे त्यांना ठाऊक होतं. मग हे दुसरं मत आलं कुठून? बेटावर मतदार होतेच किती? त्यांनी मान वळवून तेनेंकडे पाहिलं. तेने त्यांच्याकडेच बघत होत्या, डोळे मोठे करून. त्यांच्याही मनात तोच हिशेब चालला होता आणि त्याचंही उत्तर तेच आलं होतं. एवढ्या माणसांत ते उत्तर दोघांनाच ठाऊक होतं.

"चिठ्ठ्या टाकूया का?" हमसाहनं विचारलं.

"थांब," रुरुंग म्हणाले. "वाडीची सभा घ्यायचीय. तुम्ही कॉफी घ्या."

वाडीची सभा बेटाच्या मागच्या अंगाला भरली. दोघंही हजर होती.

"खिळा चुकला का तुझा?" रुरुंगनी विचारलं.

"डोळे तुमचे अधू झालेत, माझे नाहीत."

"मग?"

"काय करू? ठरवून गेले होते. पण इतकी वर्षं त्याच वाकड्या टोपीवर खिळा मारत आले. तुम्हाला हरवून कुठे नेऊ, असं झालं. हात वळेना." तेने त्यांच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही हो? तुम्हाला काय झालं?"

"मला सारखे दोन खांदे दिसत होते," रुरुंग म्हणाले.

तेनेंनी ओढणीत तोंड लपवलं आणि गेल्या वर्षी जे रडायचं राहून गेलं होतं ते सगळं रडून घेतलं. रुरुंग शेजारी उभे राहिले. त्यांचेही डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

परत आल्यावर त्यांनी टोपी झटकली, शिक्क्याची डबी हमसाहसमोर ठेवली आणि म्हणाले, "लिही. सभेत ठरलं. डाएंग तेने एर्ते."

"आणि तुम्ही काका?"

"मी अर्जदार." ते बायकोकडे वळले. "एर्तेबाई, दाखला हवा होता. बेट सोडल्याचा."

"कारण?"

"बायको नेतेय."

शाई वाळलेलीच होती. तेने आत जाऊन त्या दिवशीच्या माकुलाच्या ताज्या शाईची वाटी घेऊन आल्या आणि त्यात शिक्का बुडवून पहिला दाखला त्यांनी नवऱ्याला दिला. तालुक्यात तो चालला. कुणी वास घेऊन पाहिला नसावा.

स्वतःचा दाखला मात्र एर्तेला स्वतःला देता येत नाही. नियम तो नियम. त्यामुळे पश्चिमेचा वारा सुटायच्या आत दोघं रोस्मिनीच्या घराशेजारी राहायला गेली तरी कागदोपत्री तेने गुसुंग तोआतच राहिल्या. हमसाहला हे कळत होतं. त्यानं काणाडोळा केला, आणि काणाडोळा करायला इतकं चांगलं कारण सरकारी माणसाला रोज मिळत नाही. बेट ओसाड म्हणून कुणी लिहिलं नाही. तिथे आजही एक माणूस राहतं, बाई, धंदा घरकाम.

पश्चिमेचा वारा पडल्यावरचा पहिला गुरुवार. रुरुंगनी होडी वाळूत ओढली, खराटा खांद्यावर टाकला आणि सवयीनं सरळ केवड्याच्या बनाकडे निघाले. मागून हाक आली.

"ओ! पाटी वाचता येत नाही का?"

रुरुंग थांबले. मागे फिरले. माडाखाली येऊन त्यांनी टोपी काढून हातात धरली, पूर्वी ते दहा जण धरायचे तशी.

"एर्तेबाई, नोंद करून घ्या. एक पाहुणा आलाय."

"कुठून आलात?"

"लेकीच्या शेजारून."

"काम काय?"

"शब्द दिलाय, तो झाडायचाय."

"मुक्काम किती?"

"उन्हं कलेपर्यंत. मग बायको घरी नेते."

तेनेंनी होडीतून दुसरा खराटा काढला आणि त्यांच्याबरोबर चालू लागल्या. आधी त्या कधी या कामाला आल्या नव्हत्या.

थोरल्या बेटाच्या धक्क्यावर लोक अजून ती निवडणूक रंगवून सांगतात. सालिबुंगमध्ये कुणी आपमतलबी वागलं की म्हणतात, "गुसुंग तोआचं मतदान करू नकोस." रुरुंग आणि तेने तिथेच मासळी निवडत बसलेली असतात. ऐकतात, एकमेकांकडे बघतात आणि लोकांची चूक काही सुधारत नाहीत.